विक्रीचा आकडा म्हणजे मागणी नव्हे

व्यवसायातील डेटा ॲनालिटिक्सबद्दल गोव्यातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. बहुतेक पत्रांत तक्रार सॉफ्टवेअरची आहे, पण अडचण त्याच्या अलीकडे, जिथे नोंद होते तिथे आहे. म्हणून उत्तरांत गल्ल्यावर काय लिहायचे याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : म्हापशात आमची बेकरी आहे. गेल्या वर्षी बिलिंगचे नवे सॉफ्टवेअर घेतले. ते प्रत्येक पदार्थाची रोजची सरासरी विक्री काढून पुढच्या महिन्यात रोज किती बनवायचे ते सुचवते. आम्ही तेवढेच बनवतो. तरी पॅटीस दुपारीच संपतात, आणि सुचवलेला आकडा दर महिन्याला आणखी खाली येतो. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड आहे का?
— बेकरीमालक, म्हापसा

उत्तर : बिघाड नाही. सॉफ्टवेअरला विक्री दिसते, मागणी दिसत नाही. साठ पॅटीस बनवले आणि दुपारी एकला संपले, तर नोंद साठची होते. नंतर आलेले वीस जण हात हलवत परत गेले, त्यांचे बिलच झाले नाही.

आकडा का घसरतो ते हिशेबाने पाहा. समजा महिन्यातले २० दिवस चांगले, खरी मागणी ८० ची. १० दिवस मंद, मागणी ४५ ची. तुम्ही ६० बनवता. चांगल्या दिवशी ६० विकले जातात, मंद दिवशी ४५. महिन्याची सरासरी ५५. पुढच्या महिन्यात ५५ बनवता; आता चांगल्या दिवशीही ५५ च विकले जाणार, सरासरी साधारण ५२. त्यापुढच्या महिन्यात ५०. हे असेच चालू राहिले तर आकडा ४५ च्या जवळ जाऊन थांबेल. चांगल्या दिवसांची मागणी मात्र या सगळ्या काळात ८० च राहिली. व्यवसायातल्या डेटाबद्दलचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे, आणि तो पुष्कळ वेळा लक्षातही येत नाही, कारण शिल्लक राहिलेला माल डोळ्यांना दिसतो आणि परत गेलेले गिऱ्हाईक दिसत नाही.

उपाय असा. प्रत्येक पदार्थ संपला की संपल्याची वेळ लिहून ठेवा. बहुतेक बिलिंग यंत्रांत शेवटच्या बिलाची वेळ आपोआप मिळते. मग दोन-तीन चांगल्या दिवशी मुद्दाम शंभर पॅटीस बनवा, म्हणजे दिवसभर माल राहील आणि किती वाजेपर्यंत किती टक्के विक्री होते ते कळेल. समजा दुपारी एकपर्यंत दिवसाच्या ७० टक्के विक्री होते. तर ज्या दिवशी ५५ पॅटीस एकलाच संपले, त्या दिवसाची अंदाजे मागणी ५५ भागिले ०.७, म्हणजे ७९. संपलेल्या प्रत्येक दिवसासाठी विक्रीच्या जागी हा आकडा लिहा.

आता किती बनवायचे? इथेही सरासरी उपयोगाची नाही. एक पॅटीस २५ रुपयांना जातो आणि बनवायला १० लागतात असे धरू. कमी पडला तर १५ रुपयांचा नफा जातो, उरून फेकावा लागला तर १० रुपये जातात. १५ ला १५ अधिक १० ने भागा : ०.६. गेल्या ३० दिवसांचे मागणीचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि खालून अठरावा घ्या (३० गुणिले ०.६). तेवढे बनवा. उरलेला माल संध्याकाळी ५ रुपयांना कुणी उचलत असेल तर तोटा ५ चाच होतो आणि गुणोत्तर ०.७५ होते; मग तेविसावा आकडा घ्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार या ३० दिवसांत मिसळू नका. शुक्रवारांची यादी वेगळी करा, दहा शुक्रवार असतील तर त्यातला सहावा.

औषधांच्या दुकानालाही हेच लागू. एखादी गोळी महिन्यात १८ दिवसच होती आणि ३६० पट्ट्या गेल्या, तर रोजची मागणी २० आहे. ३० ने भागून आलेला १२ हा आकडा धरला तर पुढची ऑर्डर कमी जाणार. "विक्री शून्य" आणि "माल नव्हता" या दोन नोंदी कधीही एक करू नयेत.

प्रश्न : आमचे कपड्यांचे दुकान आहे. ऑगस्ट २०२५ ची विक्री ऑगस्ट २०२४ पेक्षा खूप जास्त झाली, म्हणून मुलाने लगेच जास्त माल मागवला. सप्टेंबरमध्ये विक्री गेल्या सप्टेंबरपेक्षा कमी झाली. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी असेच सगळे सांगतात ना?
— कापड व्यापारी, फोंडा

उत्तर : सांगतात, आणि पुष्कळ धंद्यांत ते चालते. गोव्यातल्या कापड, किराणा, फुले, भांडी यांच्या दुकानांत ऑगस्ट-सप्टेंबरला चालत नाही. चवथ (गणेश चतुर्थी) २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. म्हणजे २०२४ च्या खरेदीचा मोठा भाग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडला आणि २०२५ ची जवळजवळ सगळी खरेदी ऑगस्टमध्ये आटोपली. तुमचा धंदा कदाचित वाढलाही नसेल आणि घटलाही नसेल, फक्त सणाची तारीख सरकली.

तुलना चवथीपासून मोजून करा. एक्सेलमध्ये विक्रीच्या तारखेशेजारी एक रकाना घाला : विक्रीची तारीख वजा त्या वर्षीच्या चवथीची तारीख. उणे २१ ते उणे १ हे दिवस एकत्र करा. २०२४ साठी ते १७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर येतात, २०२५ साठी ६ ते २६ ऑगस्ट. दोन्हीकडे एकवीसच दिवस, तीन पूर्ण आठवडे, त्यामुळे शनिवार-रविवारही सारखे. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा ऑगस्ट २०२६ चा आकडा ऑगस्ट २०२५ च्या तुलनेत पडलेला दिसेल. त्याने घाबरून सवलत जाहीर करू नका.

कार्निव्हलचेही असेच. तो २०२४ साली १० ते १३ फेब्रुवारीला होता, २०२५ साली १ ते ४ मार्चला. शिवाय मार्च २०२५ मध्ये पाच शनिवार आणि पाच रविवार होते, फेब्रुवारीत चार-चार. पणजीतल्या दुकानदाराने हे दोन महिने सरळ शेजारी ठेवले तर मार्चमध्ये मोठी भरभराट झाल्यासारखे वाटेल.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवरचे जीएसटीचे दर बदलले. त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची विक्री करासह रकमेत जुळवू नका. कराआधीची रक्कम घ्या आणि शेजारी किती नग गेले तेही ठेवा. रक्कम वाढली पण नग घटले, तर किंमत वाढली आहे, धंदा वाढलेला नाही.

प्रश्न : कळंगुटला आमचे १२ खोल्यांचे गेस्ट हाउस आहे. डिसेंबरला दर ४,५०० आणि जुलैला १,४००. दोन्हींची सरासरी २,९५० धरून हिशेब केला तर जमा रकमेशी जुळत नाही. चूक कुठे आहे?
— गेस्ट हाउसमालक, कळंगुट

उत्तर : दोन दरांची सरासरी काढली, पण त्या दरांना किती खोल्या गेल्या हे सोडून दिले. १२ खोल्या आणि ३१ दिवस म्हणजे महिन्याला ३७२ खोली-रात्री. डिसेंबरला समजा ३४२ गेल्या : १५,३९,००० रुपये. जुलैला ९३ गेल्या : १,३०,२०० रुपये. एकूण ४३५ रात्रींचे १६,६९,२००, म्हणजे रात्रीला सरासरी ३,८३७. तुमच्या २,९५० ने ४३५ ला गुणले तर १२,८३,२५० येतात. पावणेचार लाखांहून जास्त रुपये कागदावरून गायब.

पण ३,८३७ हा बरोबर आकडाही निर्णयाला उपयोगी नाही. तो दर कुठल्याच महिन्यात नव्हता. भरण्याची सरासरी ५८ टक्के येते, तीही खोटी नाही, पण डिसेंबरला ९२ आणि जुलैला २५ टक्के खोल्या भरलेल्या होत्या. ५८ टक्क्यांवर माणसे ठेवली तर डिसेंबरला चादरी बदलायला हात पुरणार नाहीत आणि जुलैला पगार द्यायला पैसे.

दर महिन्याला एकूण भाडे भागिले उपलब्ध खोली-रात्री, हा एक आकडा काढा. डिसेंबरला तो ४,१३७ येतो, जुलैला ३५०. दर वाढवावा की खोल्या भराव्यात हा वाद याच आकड्यावर मिटतो. त्याखाली खर्च लिहा. आरक्षण संकेतस्थळाचे कमिशन १८ टक्के आणि धुलाई, नाश्ता, वीज मिळून खोलीमागे ६०० रुपये असतील, तर जुलैच्या १,४०० मधून हातात ५४८ राहतात. म्हणजे पावसाळ्यात दर ८५० च्या खाली आणलात तर प्रत्येक भरलेली खोली शंभर रुपयेसुद्धा देत नाही. बंद ठेवून रंगकाम आणि एसीची सर्व्हिसिंग करून घेणे तेव्हा शहाणपणाचे.

प्रश्न : मडगावात काजूचे दुकान आहे. नोव्हेंबरपासून एका एजन्सीमार्फत इन्स्टाग्रामवर जाहिरात सुरू केली. ऑक्टोबरपेक्षा ग्राहक दीडपट झाले. एजन्सी म्हणते, आलेख स्पष्ट आहे, खर्च दुप्पट करा. करावा का?
— काजू विक्रेते, मडगाव

उत्तर : आत्ता करू नका. नोव्हेंबरमध्ये गोव्यात पर्यटक वाढतातच. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात, ३ डिसेंबरला फेस्त, मग नाताळ. जाहिरात दिली नसती तरी ऑक्टोबरपेक्षा गर्दी जास्तच झाली असती. प्रश्न "किती वाढले" हा नाही. "जाहिरात नसती तर किती आले असते" हा आहे, आणि एजन्सीचा आलेख त्याचे उत्तर देत नाही.

याची दुसरी बाजूही धोक्याची आहे. पुष्कळ जण धंदा सर्वांत मंद असताना जाहिरात सुरू करतात. सर्वांत वाईट महिन्यानंतरचा महिना बहुधा थोडा बरा असतोच, आणि ते श्रेय जाहिरातीला जाते.

चाचणी अशी घ्या. आठ आठवडे निवडा. त्यात २० डिसेंबर ते २ जानेवारी आणि फेस्ताचा आठवडा येऊ देऊ नका. जानेवारीच्या मध्यापासूनचा काळ बरा. दोन-दोन आठवड्यांच्या चार जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत कुठल्या आठवड्यात जाहिरात चालू ठेवायची ते नाणे उडवून ठरवा. स्वतः ठरवले तर हात नकळत चांगल्या आठवड्याकडे जातो. जाहिरात बंद केल्यावर एक-दोन दिवस तिचा परिणाम रेंगाळतो, म्हणून बदल सोमवारी करा. शनिवार-रविवार येईपर्यंत तो बराचसा ओसरतो. रोज किती बिले झाली ते मोजा. टूर बसमधून तीस माणसे उतरली तर त्यांची बिले वेगळ्या रकान्यात टाका, नाहीतर दोन बसगाड्या सगळा निकाल फिरवतील.

आधी कागदावर एवढे मांडा. जाहिरातीला २८ दिवसांचे २८,००० रुपये लागतात, ग्राहकामागे सरासरी ९०० रुपयांची खरेदी होते, त्यात २० टक्के नफा, म्हणजे १८० रुपये. खर्च भरून निघायला २८ दिवसांत १५६ जादा ग्राहक हवेत.

मग निकाल वाचायचा. जाहिरात नसलेल्या २८ दिवसांत १,६८० बिले झाली आणि जाहिरात असलेल्या २८ दिवसांत १,८३६, असे धरा. दोन्ही आकड्यांची बेरीज करा : ३,५१६. त्याचे वर्गमूळ सुमारे ५९.३, दुप्पट ११९. दोन आकड्यांतला फरक १५६ आहे, तो ११९ पेक्षा मोठा, तेव्हा हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी. हाच हिशेब एकाच आठवड्यावर केला तर काय होते? ४२० आणि ४५९, फरक ३९. बेरजेचे वर्गमूळ २९.६ च्या आसपास, दुप्पट ५९. ३९ हा ५९ पेक्षा लहान. म्हणजे एका आठवड्यात दिसलेली ९ टक्के वाढ काहीच सिद्ध करत नाही, तीच वाढ चार आठवडे टिकली तर सिद्ध करते. हा ठोकताळा कुठल्याही मोजणीला लावता येतो, अट एवढीच की प्रत्येक ग्राहक स्वतंत्रपणे आलेला असावा.

जाहिरातीत सवलतीचा शब्द देऊन तो किती जणांनी सांगितला हे मोजण्याची सूचना एजन्सी करील. त्या मोजणीत तसेही येणारे जुने ग्राहक मिसळतात, त्यामुळे परिणाम फुगून दिसतो. पूरक म्हणून ठेवा, निर्णय त्यावर घेऊ नका.

प्रश्न : आरक्षण करूनही न येणारे पाहुणे ओळखणारी एआय प्रणाली एक कंपनी विकते. अचूकता ९५ टक्के असल्याचे सांगते. घ्यावी का?
— रेस्टॉरंट व्यवस्थापक, पणजी

उत्तर : ९५ टक्के ऐकून काहीच ठरत नाही. २०० आरक्षणांत १० जण येत नाहीत असे समजू. "सगळे येतील" असे दर वेळी सांगणारा कागदाचा तुकडाही ९५ टक्के वेळा बरोबर ठरतो, आणि न येणाऱ्यांतला एकही पकडत नाही.

दुसरी प्रणाली २५ नावांवर खूण करते आणि त्यातले ६ खरोखरच येत नाहीत. तिने १९ जणांवर उगाच संशय घेतला आणि ४ जण तिच्या हातून सुटले, म्हणजे २०० पैकी १७७ बरोबर, अचूकता ८८.५ टक्के. अचूकता कमी, पण तुमच्या कामाची हीच. २५ फोन केले की १० पैकी ६ रिकामी टेबले आधीच कळतात.

तेव्हा कंपनीला दोन प्रश्न विचारा : न आलेल्यांपैकी किती जण पकडले, आणि खूण केलेल्यांपैकी किती जण खरोखर आले नाहीत. ही चाचणी तुमच्याच गेल्या वर्षीच्या नोंदींवर, प्रणालीला निकाल न दाखवता करून मागा. पाहुण्यांच्या संख्येचा अंदाज देणारी प्रणाली असेल तर तिची तुलना सर्वांत साध्या अंदाजाशी करा : गेल्या शुक्रवारी ८० जण आले, म्हणून या शुक्रवारी ८०. चार आठवडे दोन्ही अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या लिहा. प्रणालीची चूक या साध्या अंदाजापेक्षा ठळकपणे कमी नसेल तर मासिक भाडे देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : हार्डवेअरचे दुकान आहे, दोन वर्षांची बिले टॅलीत आहेत. सल्लागार म्हणतात, एक्सेलचा जमाना गेला, मोठी प्रणाली आणि डेटा सायंटिस्ट घ्या. एवढे लागते का?
— हार्डवेअर व्यापारी, डिचोली

उत्तर : तुमच्या आकाराला लागत नाही. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात. रोज १५० बिले, प्रत्येकी सरासरी ५ वस्तू, वर्षाचे ३६० दिवस, म्हणजे वर्षाला २,७०,००० ओळी. पावणेचार वर्षांहून जास्त काळ एका पानावर मावतो. फक्त फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात ठेवू नका, त्यात ६५,५३६ ओळींनंतरचे सगळे कापले जाते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये सुमारे १६ हजार कोविड रुग्णांची नावे याच मर्यादेमुळे रोजच्या आकड्यांतून वगळली गेली, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला.

तुमचा खरा वेळ साफसफाईत जाईल आणि तो जायलाच हवा. हार्डवेअरमध्ये चार ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, वस्तूंची नावे. "पीव्हीसी पाइप अर्धा इंच", "पाइप १/२ पीव्हीसी" आणि "पीव्हीसी हाफ इंच" अशा तीन नावांनी एकच वस्तू नोंदलेली असते, मग तिन्ही मंद चालणाऱ्या मालात मोडतात. नावांची यादी वेगळ्या पानावर काढा, शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचे एकच ठरलेले नाव लिहा आणि सूत्राने ते मूळ पानावर आणा. मूळ नोंद खोडू नका. हे काम दुकानात बसणाऱ्या माणसाने करायचे. बाहेरच्या सल्लागाराला कुठला कोपर कुठल्या पाइपला लागतो ते माहीत नसते.

दुसरा, एकक. वायर कधी ९० मीटरच्या गुंडाळीने जाते, कधी मीटरवर. दोन्ही "१" म्हणून नोंदले गेले तर बेरजेला काही अर्थ राहत नाही. सगळे मीटरमध्ये आणा, खिळे किलोत.

तिसरा, तारखा, आणि हा सर्वांत कपटी. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकी असेल तर ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल ऐवजी ४ मार्च होते. प्रत्येक महिन्याच्या १ ते १२ तारखा अशा उलटतात, १३ पासून पुढच्या तारखा उलटू शकत नाहीत म्हणून नुसता मजकूर म्हणून राहतात. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजावे. उलटलेली फाइल दुरुस्त करत बसू नका; विंडोजच्या रिजनच्या सेटिंगमध्ये भारत निवडा आणि टॅलीतून नव्याने काढा.

चौथा, परत आलेला माल. क्रेडिट नोट उणे रकमेत आली आहे ना ते पाहा, आणि पानाच्या तळाची "एकूण" ही ओळ डेटात मिसळली असेल तर काढून टाका. तिच्यामुळे विक्री बरोबर दुप्पट दिसते.

झाले की महिनावार करपात्र रक्कम काढा आणि त्या-त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ शी (जीएसटीसाठी भरलेल्या विक्रीच्या विवरणपत्राशी) ताडून पाहा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. जुळले की पिव्होट टेबलमध्ये (एक्सेलच्या गोषवारा काढणाऱ्या तक्त्यात) वस्तूनिहाय नफा उतरत्या क्रमाने लावा. पहिल्या ७०-८० टक्के नफ्यापर्यंतच्या वस्तू मोजक्याच निघतील. त्या कधीही संपू द्यायच्या नाहीत, बाकीचे नंतर.

प्रश्न : आमच्या ऑनलाइन अभिप्राय अर्जाला ५०० उत्तरे आली. एवढ्या मोठ्या संख्येवर विसंबायला हरकत नाही ना?
— खानावळ चालक, मडगाव

उत्तर : उत्तर कोणी दिले हे संख्येपेक्षा महत्त्वाचे. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि अंदाज निघाला की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचे. आणि उलट टपाली उत्तर देणारेही सर्वांसारखे नव्हते.

तुमच्या अर्जावर फार खूश झालेले आणि फार चिडलेले लिहितात. रोज दुपारी शिवराक (शाकाहारी) थाळी घेऊन मुकाट जाणारा बँकेतला माणूस लिहीत नाही, आणि धंदा त्याच्यावर चालतो. दर विसाव्या बिलाला गल्ल्यावरच एक प्रश्न विचारा. अशी १०० उत्तरे मिळाली तर टक्केवारीत साधारण १० इकडे-तिकडे चूक होऊ शकते, ४०० मिळाली तर ५.

प्रश्न : पेडणे भागात दुचाकी भाड्याने देतो. २०१६ पासूनच्या नोंदी आहेत. जितकी जास्त वर्षे तितका अंदाज पक्का, असे मानतो.
— दुचाकी व्यावसायिक, पेडणे

उत्तर : तुमच्याच पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याआधी विमानाने येणारा प्रत्येक पाहुणा दाबोळीला उतरत होता. तुमच्या भागापुरते ते दोन वेगळे काळ आहेत, आणि मधली २०२०-२१ ची कोविडची वर्षे तिसरा. अंदाजासाठी २०२३ पासूनचेच आकडे घ्या. जुन्या नोंदींतून फक्त आठवड्यातल्या कुठल्या वारी मागणी जास्त असते एवढा आकार पाहा, पातळी नको.

प्रश्न : प्रत्येक बिलाला मोबाइल नंबर घेतो, पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. यात काही चूक आहे का?
— किराणा दुकानदार, वाळपई

उत्तर : "पुढे कधीतरी" हे कारण धरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची, आणि ग्राहकाने संमती मागे घेतली तर ती काढून टाकायची, हा त्याचा गाभा.

व्यवहाराच्या बाजूनेही असा साठा निरुपयोगी ठरतो. नंबर सक्तीचा केला की गल्ल्यावरचा मुलगा घाईत दहा वेळा ९ दाबतो, आणि आकडेवारीत तुमचा सर्वांत निष्ठावान ग्राहक ९९९९९९९९९९ निघतो. नंबर ऐच्छिक ठेवा. घरपोच सामानासाठी किंवा उधारीसाठी लागतो तिथेच घ्या, आणि महिन्यातून एकदा सर्वांत जास्त वेळा आलेले पहिले वीस नंबर डोळ्यांखालून घाला.